डॉक नंबर चौदा आणि कोमलची न्याहारी

अंबाडी नाक्यावरून आम्ही सकाळी आठला निघालो, मी आणि माझी धाकटी बहीण कोमल. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहातली जागा अजून पक्की नव्हती. तिला गहू, रवा, मैदा काहीच सोसत नाही. त्यांतल्या ग्लूटेनने (पिठाला चिकटपणा देणारा अंश) तिचं पोट बिघडतं, आणि तिथली न्याहारी सगळी त्याचीच. वसतिगृहाच्या बाईंनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "घरचं उघडं अन्न चालणार नाही. मागे घटक छापलेली गोठवलेली पाकिटं आणा. सोय झाल्याचं आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल."

भिवंडीत तीन दुकानं पाहिली. फ्रीजरमध्ये मटार, पराठे आणि मैद्याचे समोसे होते. बिनग्लूटेनचा एकच डबा मिळाला, तोही आम्हाला न परवडणारा. "हा सगळा माल मानकोलीच्या गोदामातनं येतो," दुकानदार म्हणाला. जिथे माल ठेवतात तिथे तो विकतही असतील, असं मला वाटलं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला जे वाटतं ते घरी कोणी तपासून बघत नाही.

मानकोलीला ओळखीच्या रशीदचाचांच्या रिक्षाने गेलो. फाटकावरच्या चौकीदाराने वही उघडली.

"गाडी नंबर?"

"आम्ही चालतच आत जाऊ," मी म्हणालो.

"चालत येणाऱ्याचा रकाना न्हाय." त्याने वही फिरवून दाखवली. खरंच नव्हता.

"रिक्षा का नंबर लिख लो, भाई," चाचा म्हणाले.

"माल काय?"

"एक भाई, एक बहन."

चौकीदाराने 'किरकोळ' असं लिहिलं आणि आम्हाला डॉक (ट्रक मागून लावायचा कट्टा) नंबर चौदा दिला. दोन अवजड ट्रकांच्या मध्ये चाचांनी रिक्षा उलटी लावली. नियमाप्रमाणे एकाने येऊन चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला. वरचं शटर उघडलं. जाड कोट घातलेल्या सुपरवायझरने समोर पाहिलं, कोणी दिसलं नाही, मग खाली पाहिलं.

"किती पॅलेट?" पॅलेट म्हणजे लाकडी फळीवर रचलेली खोक्यांची चळत.

"पाच पाकिटं," मी म्हणालो.

"पॅलेटच्या खाली माल हलत नाही, दादा."

मी अडखळत सगळं सांगितलं. त्याने सुनंदाताईंना हाक मारली. आलेल्या मालातलं एकेक पाकीट गरम करून चाखणं हे त्यांचं काम.

"सकाळपासून सात नमुने खाल्लेत," त्या म्हणाल्या. "बिनगव्हाचे पाच अजून बाकी हायेत. ये पोरी, वर ये."

कोमलला गुडघ्यापर्यंत येणारा कोट मिळाला. चौकीदाराने फाटकावर दिलेल्या चिठ्ठीवर शिक्का बसला: माल उतरवला. मी रिक्षातच थांबलो. शटर उघडंच असल्याने सगळं ऐकू येत होतं.

"खोक्यासारखं लागतंय," कोमल पहिल्या घासाला म्हणाली.

"खोकं निदान कुरकुरीत तरी असतं," ताई म्हणाल्या. "लिही, नापसंत."

दुसरं साबणासारखं निघालं. तिसरे होते नाचणी-तांदळाचे छोटे उत्तप्पे. त्यानंतर नुसता चावण्याचा आवाज येत राहिला.

"पोरी, चाखायचं असतं, जेवायचं न्हाय."

"ताई, हे मी रोज खाईन."

ताईंनी पत्ता सांगितला. वाहतुकीत बाहेरचं खोकं चेपलं की आतली धड पाकिटं काल्हेरच्या एका दुकानात स्वस्तात सुटी विकायला जातात.

निघताना चौकीदाराने अडवलं. उतरवलेला माल परत नेताय, तर परतीची चिठ्ठी लागेल. ताई फाटकापर्यंत आल्या आणि कोटाच्या खिशातून पेन काढून त्यांनी कारण लिहिलं: 'चव पसंत, मुलगी परत.'

काल्हेरला दोन वडापावांच्या भावात त्याच उत्तप्प्यांचं एक पाकीट मिळालं. आम्ही दहा घेतली, थर्माकोलच्या डब्यात भरली. कोमलने पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो वसतिगृहाच्या बाईंना पाठवला. अंबाडीला पोचेपर्यंत उत्तर आलं: "चालेल. सोमवारी या. पाकिटांवर नाव घाला."

घरी आईने एक उत्तप्पा तव्यावर गरम केला आणि अर्धा मोडून खाल्ला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आपल्याच तांदळावानी लागतंय. ह्याच्यासाठी दिवस घालवला?"

सकाळी निघताना मी एवढंच म्हणत होतो, मिळू दे. ते मिळालं. फ्रीजमध्ये पाकिटांसाठी जागा करताना माझ्या लक्षात आलं, मिळालं म्हणजे सोमवारपासून कोमल या घरात नाही. आईला ते पहिल्या घासालाच कळलं असावं. तिने उरलेला अर्धा उत्तप्पा कोमलच्या ताटात ठेवला आणि मीठ वरून घातलं.