आईचं ‘हू’ आणि आईचं ‘विच’

माझी धाकटी बहीण परदेशात बाळंत व्हायची होती आणि आमच्या आईला तिथे वेळेत पोचायचं होतं. बहिणीला सासू नव्हती, नवरा दिवसभर कामावर, आणि शेजारणी हसून हात हलवण्यापलीकडे जात नव्हत्या. आईने जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. आडवी येत होती मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत. तिथला साहेब काचेमागून इंग्रजीत चार प्रश्न विचारतो, उत्तरं पटली तर व्हिसा देतो, नाहीतर आल्या पावली परत पाठवतो, असं सदाशिव पेठेतल्या तमाम जाणकारांचं मत होतं. दुभाष्या मिळतो असंही कुणी सांगितलं. पण वडील म्हणाले, “दुभाष्या कशाला? इंग्रजी शिकलेला मुलगा इतकी वर्षं पोसलाय ना घरात!”

तो मुलगा म्हणजे मी. विमा कचेरीत नोकरीला होतो. माझं इंग्रजी ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’पाशी सुरू व्हायचं आणि ‘युवर्स फेथफुली’पाशी संपायचं, मधला मजकूर हेडक्लार्क सांगायचे. तरी मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात शिकवणी उघडली.

पहिल्याच दिवशी सांडशीकडे बोट दाखवून मी विचारलं, “व्हॉट इज धिस?”

आईला सांडशीचं इंग्रजी येत नव्हतं. ते मलाही येत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग अब्रू वाचवण्यासाठी मी एक युक्ती सांगितली. “शब्द अडला की वर्णन करायचं. माणूस असला तर हू, वस्तू असली तर विच, जागा असली तर व्हेअर.”

“म्हणजे आपलं जो-तो, जी-ती, जिथे-तिथे.”

“तेच.”

“मग आधी नाही का सांगायचं! द थिंग विच कॅचेस द हॉट पातेलं.”

आणि त्यानंतर आई जी सुटली ती सुटलीच. वाण्याचं नाव बंद झालं; तो ‘द मॅन हू गिव्हज लेस शेंगदाणे’ झाला. मंडई ‘द प्लेस व्हेअर एव्हरीबडी शाउट्स’ झाली. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज ओले कपडे न पिळता वाळत टाकायच्या आणि पाणी आमच्या पापडांवर पडायचं. त्यांच्याबद्दल आई म्हणाली, “द लेडी विच मेक्स माय पापड वेट.”

“आई, माणसाला हू.”

“माहितेय मला. तिला विचच बरोबर आहे.”

एकदा मात्र तिने गंभीरपणे विचारलं, “पोटातलं बाळ हू का विच?”

मी पुस्तक चाळून सांगितलं, की मूल अगदी लहान असलं तर इंग्रजीत कधीकधी विचही चालतं.

आईने हातातला झारा खाली ठेवला. “माझ्या नातवंडाला विच? सांडशीला विच आणि त्यालाही विच? तुमच्या पुस्तकाला म्हणावं, ते हूच आहे. नखं आली असतील आता त्याला.”

मी पुस्तक मिटलं.

सगळ्यात वाईट प्रसंग माझ्यावरच आला. ‘तुम्हाला मुलं किती, ती काय करतात’ हा प्रश्न नक्की येणार म्हणून मी तयारी करून घेत होतो. आई कौतुकाने म्हणाली, “माय सन हू इज क्लेव्हर वर्क्स इन ऑफिस.” मला बरं वाटलं; पण मास्तरकीने घात केला. मी म्हटलं, “असं सलग नाही म्हणायचं. मध्ये थांबायचं, स्वल्पविराम असल्यासारखं. सलग म्हटलं की अर्थ होतो, मुलगे बरेच आहेत आणि त्यांतला जो हुशार आहे तो.”

वडिलांनी पेपर खाली न करता विचारलं, “तो कुठे असतो हल्ली? आपली काही भेट नाही झाली.”

पण खरी गाडी अडली ती पुढच्या प्रश्नावर. मी साहेबाच्या आवाजात विचारलं, “व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

आईने वडिलांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “द मॅन हू इज रीडिंग पेपर.”

“नाव सांगायचं, आई.”

“द मॅन हू इज नॉट गिव्हिंग पेपर टू अदर पीपल.”

“आई, नाव!”

“असं कसं रे उठसूट नाव घेऊ? लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, हळदीकुंकवाला आग्रह झाला की घेते. पण तेही उखाण्यात. कुणी काचेमागून विचारलं म्हणून नुसतंच घ्यायचं?”

तिने वडिलांचं नाव नुसतं, कोरडं, कधीच उच्चारलं नव्हतं. रेशन दुकानात मला पुढे करायची. मी विनवण्या केल्या. वडील म्हणाले, “मी स्वतः परवानगी देतो.” आई म्हणाली, “अहो, तुमची कुणी मागितली?” शेवटी मी कळवल्यावर परदेशातून बहिणीचा फोन आला. “आई, नुसतं नाव सांग गं. मला इथे एकटीला खूप भीती वाटते,” एवढं म्हणून ती रडायला लागली. महागडा फोन, त्यात मिनिटभर नुसतं रडणं. आईही पदराने डोळे पुसत उभी राहिली.

फोन ठेवून ती मला म्हणाली, “साहेबाने विचारलं, म्हणजे तो आग्रहच की नाही?”

“अर्थात!” मी घाईने म्हटलं. मला वाटलं, सुटलो.

“मग इंग्रजी उखाणा हवा.”

पुढचे काही दिवस कणीक मळताना, तांदूळ निवडताना, फरसबी मोडताना तिचे ओठ हलत होते. आणि एका सकाळी, वडील बशीत चहा ओतून घेत असताना, तिला तो सुचला:

“द मॅन हू ड्रिंक्स टी विथ लाउड लाउड साउंड,
अमुकराव इज द हजबंड हूम आय फाउंड.”

अमुकच्या जागी अर्थातच वडिलांचं नाव होतं. तिने मूळ ‘हू आय फाउंड’ केलं होतं. मी भांडून ‘हूम’ करून घेतलं. त्या उखाण्यात माझा वाटा एवढाच, एका ‘म’चा.

वडील हादरले. “मी फुरके मारतो हे सरकारदरबारी सांगणार? आणि मुळात मी मारत नाही!”

“बरं,” आई म्हणाली. बशी अजून त्यांच्या ओठाला होती.

मुलाखतीला दोघंच गेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आई सरळ देवापाशी गेली आणि वडील खुर्चीत बसून बुटांच्या नाड्यांशी झगडू लागले. मला धड काही कळेना.

“काय झालं?”

“साहेबाने हिला नवऱ्याचं नाव विचारलं,” वडील म्हणाले. “ही लाजली.”

“मग?”

“त्याने परत विचारलं. ही परत लाजली. एकदा विचारल्यावर लगेच घेतलं तर बरं दिसत नाही म्हणे! त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात हिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सुरू केलं. मोठ्याने. मागे रांगेत आपल्याकडच्या बायका होत्या, त्या ‘वा वा!’ करायला लागल्या. कोल्हापूरची एक बाई तर टाळ्या वाजवत होती.”

“आणि साहेब?”

“साहेबाने कागदावरचं नाव पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाला, आर यू द मॅन हू ड्रिंक्स टी विथ साउंड?”

“तुम्ही काय म्हणालात?”

वडिलांनी बूट जोरात काढून बाजूला टाकला. “काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर हिचा नवरा दुसराच कुणी ठरला असता. येस सर म्हणालो. शपथेवर!”

“म्हणजे व्हिसा...”

“दिला. हसत होता गाढव.”

आई देवापाशी साखर ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, “फोन लाव तिला.”

मी लावला. पलीकडे घंटा अर्धी होते न होते तोच बहिणीने उचलला. आईने एवढी सगळी हू-विचची तयारी केलेली, पण आता तिला मराठीसुद्धा सुचेना. ती नुसती फोन कानाला लावून मान हलवत राहिली.

“अगं, तिला दिसत नाही मान हलवलेली,” वडील म्हणाले.

“येतेय मी,” आई म्हणाली. “पाय वर करून पड जरा.”