बॅटवरचा शिक्का

फुकटात कोणी काही द्यायला आलं, की माझे कान टवकारतात. स्वभावच आहे, काय करणार! इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, आमच्या मागच्या गल्लीत राहणारे काका एका रविवारी बेसबॉलची कोरी बॅट घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी तोंडाने चहा विचारला आणि मनात म्हटलं, का बरं?

लेक दहा वर्षांची. मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये तिचं पहिलंच वर्ष. टीमच्या बॅटी तिला जड जायच्या. बॉल निघून जायचा आणि हिची बॅट मागून फिरायची. शनिवारी पहिली मॅच होती आणि तिला एकदा, फक्त एकदा, बॉल मारायचा होता. काकांची बॅट हलकी होती. बॅकयार्डमध्ये तिने पहिलाच बॉल कुंपणापार घालवला आणि दिवसभर नाचत होती.

काकांनी सांगितलं, बॅट नातीसाठी घेतली होती, पण ती कुटुंबासकट लांब ईडन प्रेरीला राहायला गेली आणि आता पोहायला जाते. असेल बाई. पण पावती कुठे होती? लीगच्या मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की बॅटवर मान्यतेचा शिक्का हवा, नाहीतर ती चालणार नाही. शिक्का होता. पण हल्ली शिक्के काय, कोणीही छापतं. नवरा म्हणाला, सोड ना यार. तो सगळ्यांवर विश्वास ठेवतो, म्हणून घरात संशय घेण्याचं काम माझ्याकडे आलंय.

नागपूरला साडी घेताना आम्ही रुमालाचं टोक ओलं करून काठावर घासायचो. रंग सुटला, की दुकानदाराचं पितळ उघडं. शुक्रवारी दुपारी मी ओला रुमाल शिक्क्यावर घासला. शिक्का ढिम्म. पण तेवढ्यावर थांबले तर मी कसली! कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. दोनदा घासल्यावर कापूस निळा झाला आणि शिक्क्याची अर्धी अक्षरं गेली. क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. मग आठवलं, याच रिमूव्हरने आमच्या डायनिंग टेबलाचं पॉलिशही गेलं होतं. म्हणजे खरा शिक्काही पुसला गेलाच असता. मागे वळले तर लेक जिन्यात उभी. इतकं कोण बघतंय, असं म्हणून मी बॅट तिच्या बॅगेत सारली.

अंपायर बघत होता. मॅचआधी त्याने एकेक बॅट हातात घेतली. आमची उन्हात फिरवून पाहिली आणि शिक्का वाचता येत नाही म्हणून बाजूला ठेवली.

लेक टीमची जड बॅट घेऊन गेली. तीनदा फिरवली, तिन्हीदा उशिरा. आउट होऊन, मान खाली घालून परत आली. काका मुद्दाम तिचा खेळ बघायला आले होते. ते खुर्चीवरून उठून जाळीपाशी गेले.

"चुकलं माझं, बाळा," ते तिला म्हणाले. "मी नीट बघून द्यायला हवी होती."

मी शेजारीच उभी होते. लेकीने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, टेल हिम."

सांगितलं. रुमालापासून सगळं.

"मला विचारायचंस ना गं," काका एवढंच म्हणाले.

नेमकं तेवढंच मी केलं नव्हतं.