दीदींचा रविवारचा वर्ग
ओल्या फळ्याचा वास आला की मला माझीच शिसारी येते. झाशीतल्या आमच्या मराठी मुलांना दर रविवारी देवळात मऊरानीपूरच्या एक दीदी मराठी शिकवायच्या. त्यांच्या घरची भाषा बुंदेली; मराठी त्या मोठेपणी शिकलेल्या. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "परक्यांनी आम्हाला आमची भाषा शिकवायची?" त्या ओल्या फडक्याने फळा पुसून निघून गेल्या. मग मी शिकवायला बसलो. मुलं "असं का?" विचारायची आणि मी खेकसायचो, "असंच म्हणतात!" हळूहळू वर्ग रिकामा झाला. त्याच वर्गात बसणारी माझी मुलगी आता मोठी झाली आहे आणि हिंदीतच बोलते. परवा म्हणाली, "बाबा, दीदी जानती थीं हम कहाँ अटकते हैं. खुद भी वहीं अटकी थीं." दुसऱ्याच दिवशी मी मऊरानीपूर गाठलं. दारातच हात जोडले. "दीदीजी, मी तुम्हाला घालवलं आणि माझ्या मुलीची मराठीही घालवली. मला माफ करा."