साळूच्या टाकाची कडी

परतूरच्या सराफ गल्लीत लोक गिरिधर सोनारांच्या डाखाचा, सांधकामाचा दाखला देत. त्यांनी जोडलेला दागिना एखादे वेळी मोडे, पण जोडावर सुटत नसे. माणूस अबोल. फुंकणी धरून आयुष्य गेलं, बोलायला तोंड रिकामं कधी होतं, असं त्यांची बायको रमाबाई म्हणत.

एकुलती लेक साळू घनसावंगीला, सोनाराच्याच घरात दिली होती. ती आडात पडली. पाय घसरला, असा निरोप आला. तोवर राखही गोदेत सोडून झाली होती. गिरिधर जाऊन आड पाहून आले. कठडा छातीएवढा होता. परत येऊन ते शेगडीपुढे बसले.

जावई वामनने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. रीतीप्रमाणे नव्या बायकोच्या गळ्यात गेलेल्या सवतीचा टाक आला: चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उठवलेली बाई, वर सोन्याची कडी. तो वामनने स्वतःच घडवला, आणि त्याची कडी टिकेना. टाक कधी ताटात पडे, कधी उंबऱ्यावर. साळू शांत होत नाही, तिला काही सांगायचं आहे, असं लोक कुजबुजू लागले. हे परतूरला कळलं त्या दिवशी रमाबाई पोटभर जेवल्या.

महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, मोंढ्यात कापूस येऊ लागला असताना, साळूची सासू चतुराबाई बैलांच्या दमणीतून गिरिधरांच्या ओट्याशी उतरली. मागे नवी सून दुर्गा.

"इवाई, ही आता तुमचीच लेक समजा. अन् त्या पहिलीला तुम्हीच आवरा. आमच्या वामननं हात टेकले."

"वामन सोनारच हाय की, ईनबाई."

"हाय. पण तुमच्या पोरीपुढं त्याचं काही चालून न्हाई राह्यलं. जितेपणी न्हाई, मेल्यावर बी न्हाई."

गिरिधरांनी टाक उन्हात धरला. चांदी सोन्याआधी वितळते. दोन्ही जोडायचं तर डाख चांदीच्याही आधी पाझरला पाहिजे. जाळ आधी चांदीवर, मग क्षणभर कडीवर, आणि लगेच बाजूला. घाबरून लवकर काढला तर डाख नुसता चिकटतो, धरत नाही. इथे जाळ दर वेळी अर्ध्यावर काढलेला होता. वामनला हे काम येत होतं; गिरिधरांनीच शिकवलं होतं. साळूच्या त्या चेहऱ्यावर जाळ धरताना त्याचा हात टिकत नव्हता.

जोडाला लावायचा टाकणखार घ्यायला ते आत गेले. रमाबाई दाराआड उभ्या होत्या.

"कच्चा ठेवा," त्या म्हणाल्या. "पडू द्या पुन्हा. त्या घराला तेवढंच भय हाय. माझ्या साळूला बोलू द्या."

गिरिधर हो म्हणाले.

बाहेर आले तेव्हा दुर्गा शेगडीतले निखारे सारखे करत होती. पदर मागे सरकला होता. दंडावर डागण्या होत्या. काही काळ्या पडलेल्या, एक अजून ओली.

"टाक पडला की डागणी द्यावी लागती," चतुराबाई म्हणाली. "त्याबिगर ती हिच्या अंगातून निघंना. जल्दी करा इवाई, दिवस हाय तवर पोचायचंय."

दुर्गाने वर पाहिलं. "पक्का करा, बाबा."

त्यांनी जुना डाख खरवडून काढला. टाकणखार लावला, नवा डाख ठेवला आणि फुंकणी तोंडाला लावली. साळूचा चेहरा लाल झाला. नाक, डोळे, कपाळ, सगळं थरथरल्यासारखं झालं. अजून एक श्वास गेला असता तर ते पाणी होऊन वाहिलं असतं. डाख चमकून जोडात शिरला. त्यांनी जाळ काढला, टाक चिंचेच्या पाण्यात सोडला, मग चिमट्याने कडी ओढून पाहिली.

"आता न्हाई ना पडायची?" चतुराबाईने विचारलं.

"न्हाई. बिलकुल न्हाई."

दमणी गेल्यावर रमाबाईंनी चिंचेचं पाणी अंगणात ओतलं आणि भांडं पालथं घातलं.  

साळू गेल्यापासून वामन परतूरला आला तरी ही गल्ली टाळायचा. पुढच्या पोळ्याच्या बाजाराला तो ओट्यासमोरून गेला. अंग भरलं होतं. मान वर करून थांबला.

"राम राम, बाबा. झोप लागून राह्यली आता."

गिरिधरांच्या तोंडात फुंकणी होती. राम राम घ्यायला त्यांचा हात कपाळाशी गेला.