गेटबाहेरची रांग

आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेच्या चौकीवर माझी पोस्टिंग झाली, तेव्हा मी हवालदार होतो. डोक्यावर निळं हेल्मेट, भोवती तारेचं कुंपण, आत आमची एक प्लॅटून. रोज 0700 आणि 1600 वाजता मी गेट उघडून गावकऱ्यांना बोअरचं पाणी द्यायचो. लोक आधीच कॅन रांगेत लावून झाडाखाली बसत. कोणी कोणाचा कॅन हलवत नसे. मी पाथर्डी तालुक्यातला. उन्हाळ्यात टँकरसाठी आमच्याकडे हंडे असेच रांगेत असतात. त्यामुळे ही माणसं मला पहिल्या दिवसापासून घरची वाटली.

तिथले शाळामास्तर जोसेफ आमचे दुभाषे. मोडकंतोडकं हिंदी शिकले होते. माझ्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणायचे, "हवालदार साहेब, अख्खं जग आमच्या दारात आलंय." मलाही ते खरं वाटायचं. गाढव होतो.

त्या दिवशी 1410 वाजता जोसेफ धावत आले. मागे बायकापोरं, म्हातारे, पन्नासेक माणसं. सरकारच्या बाजूची हत्यारबंद टोळी नदी ओलांडून येत होती. जोसेफनी विचारलं, "जंगलात पळू, की थांबू?"

"थांबा. रांगेजवळ बसा. ऑर्डर आली की गेट उघडतो," मी म्हणालो.

चौकीतल्या रेडिओवर ड्यूटीला आमचा श्रीगोंद्याचा नाईक बबन होता. आमच्या कॅप्टन साहेबांनी गेट उघडायची परवानगी मागितली. मुख्यालयाचं उत्तर आलं, "गेट क्लोज्ड. ऑब्झर्व्ह अँड रिपोर्ट. ओव्हर."

लोकांना आत घ्यायला तिथल्या सरकारची संमती लागत होती, आणि टोळी त्याच सरकारची. त्या सरकारच्या पाठीशी एक बडा देश. तो नाराज होऊ नये म्हणून हजारो मैलांवर मोठे लोक शब्द निवडत बसले होते. साहेबांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा, "वेट. आउट." म्हणजे थांबा, बोलणं संपलं.

"उस्ताद, आपुन उघडू गेट. काय व्हईल ते व्हईल," बबन म्हणाला.

"हुकूम न्हाई आला."

"मान्सं हायेत ती!"

"मला दिसत न्हाई व्हय?"

किल्ली माझ्याच खिशात होती.

1525 वाजता टोळीचं फायरिंग सुरू झालं. जोसेफ शेवटपर्यंत लोकांना हाताने खाली बसवत होते, कारण मी तसं सांगितलं होतं. पंधरा मिनिटांत सगळं शांत झालं. परवानगी 1600 वाजता आली, नेमकी पाण्याच्या वेळेला. मी गेट उघडलं. कॅन जागच्या जागी होते. घ्यायला कोणी उठलं नाही.

त्या मिशनचं मेडल मला मिळालं. ते ट्रंकेत आहे. त्या 'थांबा'ची लाज मात्र रोज वाटते. पळा म्हणालो असतो, तर निम्मे तरी वाचले असते.

आमच्या गावात कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात. यंदा सव्वीस जानेवारीला शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मेजर, तुमच्यासोबतचे जे शहीद झाले त्यांची नावं सांगा पोरांना."

मी जोसेफचं नाव सांगितलं. बाकीच्यांची नावं मी कधी विचारलीच नव्हती. ओळखायचो ते कॅनवरून. मग तसंच सांगितलं. दोरीची मूठ बांधलेला पिवळा कॅन. झाकणाऐवजी मक्याचं कणीस खोचलेला निळा कॅन. गळू नये म्हणून चिरेवर साबण लिंपलेला पांढरा कॅन, त्याची मालकीण सात-आठ वर्षांची.

पोरं हसायला लागली. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी रांग संपेपर्यंत सांगत राहिलो.