कमी नापासांचा फेटा

सन चौतीस साली चांदवडजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत सुधारणेची लाट आली. त्याआधी शाळा बरी चालली होती.

तिसरीला मोतीराम मास्तर होते आणि चौथीला कादर मास्तर. मोतीराम मास्तर पावकी-निमकीचे पाढे म्हणू लागले, की बाजाराला निघालेली माणसं खिडकीशी थांबत. त्यांचं मोडी अक्षर मात्र आठ दिवसांनी त्यांनाच लागत नसे. कादर मास्तरांचं नेमकं उलटं. त्यांचं मोडीचं वळण फळ्यावरून पुसायला मुलांचा हात धजत नसे, पण साडेतिनाचा पाढा, म्हणजे औटकी, आली की त्यांना घाम फुटे. म्हणून बारा वर्षांपूर्वी दोघांनी एक सोय लावली होती. मधल्या सुट्टीनंतर वर्ग बदलायचे. मोतीरामांनी चौथीला हिशेब शिकवायचा, कादरभाईंनी तिसरीला मोडी. ही सोय कुठल्याच नियमात नव्हती, त्यामुळे ती कुणी बिघडवलीही नव्हती.

शाळा कमिटीचे चेअरमन यादवशेठ कांद्याचे व्यापारी होते. पेंड दाखवल्याशिवाय बैल पाऊल उचलत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं, आणि मास्तर लोकांबद्दल त्यांना वेगळं काही वाटत नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, की शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या वार्षिक परीक्षेत ज्या वर्गात सर्वांत कमी मुलं नापास होतील, त्या वर्गाच्या मास्तरांना सगळ्या गावासमोर येवल्याचा जरीकाठी फेटा बांधला जाईल.

मोतीराम मास्तरांच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी हजारदा तरी 'शाब्बास' म्हटलं असेल. त्यांना ते कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं. घरी बायकोला, साळूबाईंना, ते म्हणाले, की आपल्याला फेट्याचं काही नाही, प्रश्न शाळेच्या इज्जतीचा आहे.

"मग ती तुमच्याच डोक्याला बांधायची का?" साळूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मोतीराम मास्तरांनी कादरभाईंना सुचवलं, की परीक्षेपर्यंत ज्यानं त्यानं आपापला वर्ग बघावा, उगाच तुम्हाला तसदी नको. मी हेच म्हणणार होतो, असं कादरभाई म्हणाले. इतक्या झटकन एकमत झाल्याचा आनंद मात्र दोघांपैकी कुणाच्याच तोंडावर दिसला नाही.

पुढे तीन महिने मोतीराम मास्तर मोडी शिकवत राहिले आणि मुलांच्या पाट्यांवर वारूळ फुटल्यासारखं काही तरी उमटत राहिलं. शेजारून चौथीची औटकी ऐकू येई. तिथं चाळीस मुलं एका सुरात "सात औट साडेतेवीस" घोकत होती. पूर्वीचे मोतीराम मास्तर हे ऐकून खडू टाकून धावले असते. आता ते डोळे मिटून भजन ऐकल्यासारखं ऐकत.

डिपोटीसाहेब आले. तिसरीची चौदा मुलं मोडीत गेली, चौथीची सोळा हिशेबात. पहिली-दुसरीतही पाच-सहा गळाले. राहिली लहानग्यांची बिगारी. तिला रंगनाथ मास्तर सांभाळत, म्हणजे दुपारी मुलं झोपत आणि मास्तर त्यांना सोबत करत. बिगारीची परीक्षाच नसे. हेडमास्तरांनी हे चेअरमनसाहेबांना दोनदा समजावलं.

"नापास किती?" यादवशेठनी विचारलं. "एकही नाही ना? मग झालं."

रंगनाथ मास्तरांना उठवून फेटा बांधला. कष्टाला पर्याय नाही, असं सत्काराला उत्तर देताना त्यांनी सांगितलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

सभा मोडल्यावर मोतीराम मास्तर चौथीच्या वर्गात गेले. कादरभाई एकटेच बसले होते.

"कादरभाई, सात औट साडेचोवीस."

"हे सांगायला तीन महिने लागले, मास्तर?"

"ऐकू रोज येत होतं."

कादरभाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मीही खिडकीतून तुमच्या पोरांच्या पाट्या रोज बघत होतो."

एवढ्यावर दोघांनी विषय मिटवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी शाळा उघडली गेली. चौदा मुलं कादरभाईंकडे बसली, सोळा मोतीरामांकडे. जूनमध्ये हेडमास्तरांनी फेरपरीक्षा घेतली, तेव्हा तिसांपैकी अठ्ठावीस सुटली.

यादवशेठ ते ऐकून फार खूश झाले. भर बाजारात लोकांना सांगू लागले, की बघा, एका फेट्यानं मास्तर लोक कसे सुट्टीतसुद्धा राबायला लागले.