दोघींचं काम

वाळूजच्या त्या कारखान्यात मोटारसायकलींच्या वायरींचे जुडगे बांधले जायचे. लांब टेबलाशी सहा बाया ओळीनं बसायच्या. पहिल्या तिघींनी वायरी मांडायच्या, चौथीनं क्लिपा दाबायच्या, पाचवीनं टेप गुंडाळायची, सहावीनं तपासायचं, असा जुडगा हातोहात शेवटाला जायचा. मुक्ताबाई खरात क्लिपांवर होती आणि तिच्या उजव्या हाताला, टेपवर, सुरेखा. सुरेखाला तिथं मुक्ताबाईनंच चिकटवलं होतं. छावणीत दोघी एकाच गल्लीत राहायच्या. नवरा गेल्यापासून सुरेखाच्या लेकरांचं पोट त्या एका स्टुलावर होतं.

दिवाळी सरली आणि कारखान्याच्या विश्वजीत साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"कामात पळवायचं नाही कुणाला," साहेब म्हणाले. "काम या हातातून त्या हातात कसं जातं, ते मुळापासून नव्यानं मांडायचं. समजा आपल्यापुढं कोरी पाटी आहे."

"कोरी पाटी म्हंजी आधीचं पुसायचं आलं की, सायेब," मागून सारजाबाई बोलली. टेबलावरची सगळ्यात जुनी बाई ती, शेवटच्या तपासणीवर बसायची.

बाया हसल्या. साहेबही हसले आणि ऑफिसकडं निघाले.

जेवणाच्या सुट्टीत सारजाबाईनं सगळ्यांना जवळ बोलावलं. "आता येळ मोजायला माणूस यील. ते आलं की हात जड ठिवायचा. आज पळून दावलं की तीच रोजची चाल ठरती. पलीकडच्या टेबलावरच्या बायांनी हुशारी दावली व्हती. कुठं हायेत त्या?"

पलीकडच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं होतं. तिकडं कुणी पाहिलं नाही.

"आन् मुक्ते, तू लई ध्यानात ठिव. तुझ्या हाताला लगाम नाय."

दुसऱ्या दिवशी मोजायला आली ती तनुजा नावाची पोरगी. डोळ्यावर चष्मा, हातात टॅब. मुक्ताबाईच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "मावशी, मी इथं नाहीच असं समजा."

मुक्ताबाईनं कसं समजायचं? तिनं एक क्लिप दाबली, ॲप्रन सारखा केला, दुसरी शोधल्यासारखी शोधली. पोरगी शांतपणे टिपत राहिली.

"मावशी, गाव कुठलं?"

"ऱ्हायला छावणीत. माहेर बनोटीचं, सोयगाव तालुका."

"मग आपण एकाच तालुक्याच्या की. मी सोयगावची."

दुपारी तनुजा साहेबांच्या कँटीनला गेलीच नाही. मुक्ताबाईच्या डब्यातली भाकरी तिनं मोडून घेतली, ठेचा लावला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा घास घेतला. आडनाव विचारलं नाही. मुक्ताबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. माहेरचं माणूस दारी आलं की असेल ते उत्तम पुढं मांडायचं, ही आईची शिकवण तिच्या हाडात मुरली होती.

सुट्टीनंतर हात सुटला. तव्यात लाह्या फुटाव्यात तशा क्लिपा बसत गेल्या. तनुजानं टॅबचा कॅमेरा त्या हातांकडं वळवला.

"मावशी, हा तुमचा खरा हात."

सारजाबाईनं वाकून बघितलं, आणि पुढचा जुडगा तपासायला ओढला.

थोड्याच दिवसांत प्रत्येक स्टुलाच्या डोक्यावर एक दिवा आला. ठरल्या वेळात जुडगा पुढं गेला तर हिरवा, नाही गेला तर लाल. ठरली वेळ म्हणजे मुक्ताबाईच्या त्या दुपारच्या हाताची वेळ. मुक्ताबाईचा दिवा हिरवाच राही. सुरेखाचा अंगठा मात्र वर्षभर सुजलेला, तिचा दिवा सारखा लाल. साहेब लांब उभे राहायचे, दिव्याकडं बघायचे, निघून जायचे.

"निसतं बघत्यात गं," सुरेखा म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती."

"टेपचे दोन वेढे मीच मारून देते. तू पुढचं बघ."

"दिसंल की कुणाला."

"त्यांला दिवा दिसतो. आपले हात कोण बघतंय?"

सुरेखाचा दिवा हिरवा झाला. दोन वेढ्यांचे चार झाले, मग निम्मी टेप, मग जवळजवळ सगळीच. सुरेखानं फक्त टोक कापायचं. दोघी पुन्हा गप्पा मारायला लागल्या, सिनेमाला जायचे बेत करायला लागल्या. सारजाबाई तेवढी हसत नव्हती.

"मुक्ते, तिला पाठीवर घिऊन चालायलीस खरं. पर लांबून बघणाऱ्याला एकच बाई चालताना दिसती."

पौषात तनुजा पुन्हा आली, ती चेहरा फुलवूनच. मुक्ताबाईला बाजूला घेऊन तिनं टॅबवर एक चित्र दाखवलं. टेबलाभोवती सहा बायांच्या जागी पाचच गोल होते.

"मावशी, जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथं वेळ सांडतो. क्लिप आणि टेप एकाच जागी झालं तर तो वाचतो. हे मला सुचलंच नसतं. तुम्ही आपणहून करून दाखवलंत, सकाळी लांबून पाहिलं मी."

मुक्ताबाईनं टॅब बाजूला सारला. "पोरी, ते मी तिच्यासाठी करते. अंगठा दुखतो तिचा."

तनुजाचा चेहरा विझला. "हे मला ठाऊक नव्हतं."

"आता झालं ना ठाऊक. सायबाला सांग."

"अंगठ्याचं सांगितलं तर सुरेखाताई आजच जातील. नाही सांगितलं तर महिनाअखेरपर्यंत तरी आहेत." ती हळू बोलत होती. "मावशी, मी काय करू ते तुम्हीच सांगा."

"मी उद्यापास्नं हात जड करते."

"त्या दुपारचा व्हिडिओ आहे, मावशी. साहेबांनी पाहिलाय."

महिनाअखेरीला सुरेखा कपडे बदलायच्या खोलीतला आपला कप्पा रिकामा करत होती. मुक्ताबाई दारात उभी राहिली.

"सोमवारपास्नं भाकरी दोन आणत जा गं," सुरेखा म्हणाली. "दोघींचं काम करायचं तर."

"सुरे, मी तुझ्यासाठीच..."

"माहितीये. म्हणून तर मला भांडता बी येईना तुझ्याशी."

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सुरेखा ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. छावणीला उतरल्यावरही पुढंच चालत राहिली.

सोमवारी सुरेखाचं स्टूल नव्हतं. टेबल आखूड झालं होतं आणि सारजाबाई सरकून मुक्ताबाईच्या उजव्या हाताला आली होती. मुक्ताबाई क्लिपा दाबत होती, टेप गुंडाळत होती, जुडगे पुढं ढकलत होती. दुपारपर्यंत सारजाबाईपुढं त्यांचा ढीग झाला. म्हातारीचे डोळे बारीक वायरींवर ठरेनात. तिच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

मुक्ताबाईचा हात आपसूक तिच्या ढिगाकडं निघाला. हा एवढा एक जुडगा तपासून दिला असता तर दिवा हिरवा झाला असता.

"हात आवर, मुक्ते," सारजाबाई मान वर न करता म्हणाली.

मुक्ताबाईनं हात मागं घेतला. पलीकडं खांबाशी साहेब येऊन उभे होते, आणि दोघींपैकी कुणीही तिकडं बघत नव्हतं.